रियाच्वेलोपलीकडचे गाव



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा बोनस किंवा नवे कामगार कायदे असे काहीतरी मी सांगेन, अशी त्यांची अटकळ असावी. मी 'आवेयानेदा' असे सांगितले. चिटणीसांनी ते दोनदा लिहून घेतले आणि तिसऱ्यांदा विचारले, "हे गृहस्थ कोण?" या नावाचे गृहस्थ खरोखरच होऊन गेले, निकोलास आवेयानेदा हे 1874 ते 1880 या काळात आर्जेंटिनाचे राष्ट्राध्यक्ष होते. परंतु मला बोलावयाचे आहे ते त्यांचे नाव 1904 साली ज्या गावाला देण्यात आले, त्या गावाविषयी. ब्युनॉस आयर्स या राजधानीला दक्षिणेकडून चिकटलेले हे उपनगर. मध्ये रियाच्वेलो नावाची एक अरुंद, काळी नदी. अलीकडे राजधानी, पलीकडे आवेयानेदा. तेथील लोक स्वतः हा शब्द 'आवेशानेदा' असा काहीसा उच्चारतात म्हणे. माझे शिक्षण नववीपर्यंत झालेले, आयुष्य गेले फिटरच्या कामात आणि पुढे युनियनच्या कचेरीत. तो देश मी पाहिलेला नाही. जे वाचले ते वाचनालय बंद होईपर्यंत, शब्दकोश मांडीवर घेऊन वाचले. तेव्हा उच्चारांच्या चुका आपण पोटात घालाव्यात.

या गावाचा नाद मला लागला तो फुटबॉलमुळे. 1986 सालच्या जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना आमच्या चाळीत एका घरच्या टीव्हीवर साऱ्यांनी दाटीवाटीने पाहिला. माराडोना, माराडोना असा गजर चालला होता. पण विजयाचा तिसरा गोल केला तो बुर्रुचागा नावाच्या गड्याने. हा कुठला, म्हणून पुढे शोध घेतला, तर तो आवेयानेदाच्या इंदिपेंदियेंते संघातून पुढे आलेला. आणि माराडोनाही त्याच नदीच्या दक्षिणेकडच्या फियोरितो या गरीब वस्तीतला. मग मला वाटू लागले, की नदीच्या त्या बाजूला काहीतरी आहे खास.

गावाचे मूळचे नाव 'बार्राकास अल सुद', म्हणजे दक्षिणेकडच्या वखारी. कातडी आणि लोकर साठविण्याच्या या वखारी. त्यांच्या शेजारी मांस खारविण्याचे कारखाने. गुरे पंपास नावाच्या अफाट गवताळ मैदानातून हाकत आणावयाची, मारावयाची, कातडी काढावयाची, मांसाच्या पट्ट्या मिठात घालून उन्हात वाळवावयाच्या. हे मांस इतके कडक, की युरोपातला गिऱ्हाईक त्याला हात लावीना. ते जाई क्यूबाला आणि ब्राझीलला, ऊस-कॉफीच्या मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांना खाऊ घालण्यासाठी! तिकडच्या गुलामाच्या पोटात काय घातले की तो उद्या पुन्हा उभा राहील, या हिशेबावर आमच्या या गावाचा पाया घातला गेला.

रक्त आणि घाण सारी नदीत. 1871 साली राजधानीत पिवळ्या तापाची साथ आली आणि सुमारे 14,000 माणसे दगावली. हा ताप डासामुळे येतो हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. खारवणीच्या कारखान्यांवर ठपका आला आणि त्यांना नदीकाठावरून हलविण्यात आले. पण धंदा थोडाच जातो! पुढच्या दशकात बर्फाची यंत्रे आली, मांस गोठवून बोटीने इंग्लंडला जाऊ लागले, आणि त्याच काठावर 'फ्रिगोरिफिको' नावाचे भलेमोठे कारखाने उभे राहिले. 'ला नेग्रा' आणि 'ला ब्लांका' ही त्यांतली दोन गाजलेली नावे. एक काळी आणि एक गोरी. भांडवल आधी देशी, मग इंग्रजी आणि अमेरिकन.

या कारखान्यांत काम कसे चाले, हे मी जरा सविस्तर सांगतो, कारण यंत्रावर काम केलेल्या माणसाला ते चटकन कळेल. वर लोखंडी रूळ, त्याला आकडे, आकड्याला उलटे टांगलेले जनावर. जनावर पुढे सरकते, माणूस जागच्या जागी उभा. एकाने गळा कापावयाचा, दुसऱ्याने कातडे सोडवावयाचे, तिसऱ्याने पोट फाडावयाचे. प्रत्येकाच्या हाती एकच घाव, दिवसभर तोच. पायाखाली रक्ताचा चिखल. तेथून पलीकडे गेले की शीतगृह. बाहेर उन्हाळा असो, आत हाडे गोठविणारी थंडी. आतडी धुण्याचे आणि डबे भरण्याचे काम बायकांकडे. आणि रोज सकाळी फाटकासमोर गर्दी. मुकादम बोट दाखवील तो आत, बाकीचे घरी. आपल्याकडच्या बदली कामगाराला हे फाटक सांगावे लागणार नाही. माझे वडील गिरणीत बदलीवर होते. त्या फाटकाची हकीगत मी वाचली तेव्हा परक्या देशाचे काही वाचतो आहे, असे मला वाटलेच नाही.

राहणी म्हणाल तर पत्र्याची आणि लाकडाची घरे. माणसे कोठकोठली! इटालियन, स्पेनच्या गालिसियातले, पोलंडचे, लिथुएनियाचे. आणि दोक सुद या बंदरभागात तर आफ्रिकेजवळच्या केप व्हर्दे बेटांवरून आलेले खलाशी. त्यांनी 1932 साली आपली संस्था काढली. आग्नेयेकडून वारा सुटला, की मोठ्या ला प्लाता नदीचे पाणी मागे ढकलले जाते, रियाच्वेलो फुगते आणि खाली वसलेल्या वस्त्यांत शिरते. हा वारा सुटला, की माणसे सामान वर चढवू लागतात. सरकारने रस्ता केला नाही, दिवा लावला नाही, म्हणून शेजाऱ्यांनी मंडळे काढली. वर्गणीतून गटार, वर्गणीतून वाचनालय. संध्याकाळी दारात खुर्च्या टाकून 'माते' प्यावयाचा. हा एक कडू पाल्याचा काढा. तुंब्यासारख्या भोपळ्यात घालतात आणि एकाच नळीने सारे आळीपाळीने ओढतात. नळी पुसून घेणे हा अपमान समजतात!

आणखी एक गंमत. महिन्याच्या 29 तारखेला 'न्योकी' खाण्याचा तेथे रिवाज आहे. न्योकी म्हणजे बटाटा-पिठाचे उकडलेले गोळे. पगार संपलेला, घरात उरलेले बटाटे आणि पीठ. त्याचे हे पक्वान्न. ताटाखाली एक नोट ठेवतात, पुढचा महिना बरा जावा म्हणून. आणि जो सरकारी नोकर फक्त महिनाअखेरीस पगाराला उगवतो, त्यालाही तेथे 'न्योकी'च म्हणतात. आमच्या काही सहकाऱ्यांची मला येथे आठवण झाली. नावे सांगत नाही.

1909 पासून पुढे तीसएक वर्षे गावावर आल्बेर्तो बार्सेलो या पुढाऱ्याचा अंमल होता. काही काळ नगराध्यक्ष, काही काळ पडद्याआडून. जुगार, गुंड, खोटी मते, आणि त्याच हाताने गरिबाला औषध, विधवेला मदत. त्याचा उजवा हात समजला जाणारा रुग्येरो 1933 साली गोळी लागून मेला. या जातीचे पुढारी आपण सर्वांनी पाहिलेले आहेत, तेव्हा पुढे जातो.

आता ज्यासाठी मी हा विषय घेतला, त्याकडे येतो. 1943 साली लष्कराने सत्ता घेतली. मांस कामगारांचा संप चालू होता आणि त्यांचा पुढारी, कम्युनिस्ट होसे पेतेर, दूर दक्षिणेत तुरुंगात. तडजोड काही होईना. तेव्हा कामगार खात्याशी संबंध असलेल्या कर्नल पेरॉन यांच्या पुढाकाराने पेतेरला चक्क विमानाने आणण्यात आले. दोक सुदच्या मैदानात तो कामगारांपुढे उभा राहिला आणि संप मिटला. आणि लवकरच पेतेर पुन्हा तुरुंगात! त्याची युनियन बाजूला सारून सरकारला सोयीची संघटना पुढे आली.

पेरॉनने दिले नाही असे नाही. पगार वाढले, भरपगारी रजा आली, 1945 च्या डिसेंबरात तेरावा पगार आला. मुकादमाच्या बोटाची सत्ता ढिली पडली. ज्याने ते फाटक पाहिले, त्याला याचे मोल समजते. म्हणूनच 1945 च्या ऑक्टोबरात सहकारी लष्करशहांनी पेरॉनला अटक केली, तेव्हा कामगार पेटले. मध्यवर्ती महासंघाने सार्वत्रिक संप जाहीर केला तो 18 तारखेचा. कामगार 17 तारखेलाच निघाले. ठराव मागाहून आणि माणसे आधी. युनियनच्या कामात हा प्रसंग मी दोनदा अनुभवला आहे आणि दोन्ही वेळा आम्ही कार्यकर्ते मोर्च्याच्या मागे धावत होतो. बेरिस्सो, लानुस आणि आवेयानेदा येथून लोंढे रियाच्वेलोच्या काठी आले. पोलिसांनी पूल वर उचलले. मग कोणी होडीतून, कोणी फळीवरून पलीकडे गेले. काही पोहत गेले. पुढे पूल खाली आले आणि सारी गर्दी राजवाड्यासमोरच्या चौकात पोहोचली. दमलेल्या माणसांनी कारंज्यात पाय बुडविले. राजधानीच्या सभ्य लोकांना त्याचाच फार संताप आला. रात्री अकराच्या सुमारास पेरॉन सज्जात आला.

या मोर्च्यामागे ज्यांचा हात होता, त्यांत बेरिस्सोचा सिप्रियानो रेयेस पुढे होता. त्याने मजूर पक्ष काढला. निवडून आल्यावर पेरॉनने तो पक्ष विसर्जित करावयास लावला. रेयेस मान तुकवीना. 1948 साली कटाचा आरोप ठेवून त्याला तुरुंगात टाकले; तो सुटला 1955 साली, पेरॉन पदच्युत झाल्यावर!

आमच्या कारखान्यात एकदा एक वजनदार पुढारी आले. वर्षभर अडलेला करार त्यांनी एका संध्याकाळी करून दिला. पगारवाढ आमच्या मागणीपेक्षा जास्त. आम्ही पेढे वाटले आणि युनियनचे शिक्के त्यांच्या माणसाच्या हाती दिले. हातवर करणाऱ्यांत मीही होतो. पुढे फाटकाला कुलूप लागले तेव्हा त्यांच्याकडे खेटे घालूनही भेट मिळेना, आणि शिक्के नसल्याने आम्हांला पत्रसुद्धा पाठविता येईना. तेव्हा रेयेसची हकीगत मला ठाऊक नव्हती. ठाऊक असती तर मी हात वर केला नसता, असेही छातीवर हात ठेवून सांगवत नाही. वाढ खरोखरच चांगली होती.

पुढे आवेयानेदाचे ते जुने कारखाने एकेक करून बंद पडले. 1976 ते 1983 या लष्करी राजवटीत हजारो माणसे नाहीशी करण्यात आली. आवेयानेदाच्या स्मशानात एका बंद आवारात पुरलेले तीनशेहून अधिक देह तज्ज्ञांनी 1988 ते 1992 या काळात उकरून काढले. 1993 साली सरकारने हजार दिवसांत रियाच्वेलो स्वच्छ करू, असे वचन दिले. नदी होती तशीच राहिली. दोक सुदच्या तेलकारखान्यांशेजारील वस्तीतल्या मुलांच्या रक्तात शिसे सापडले. रहिवासी 2004 साली सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 2008 साली नदी साफ करण्याचा हुकूम घेऊन आले. हुकूम हाती येऊनही वर्षानुवर्षे ते पाठपुरावा करीत राहिले.

या गावात फुटबॉलची दोन प्रचंड मैदाने एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत: रासिंग आणि इंदिपेंदियेंते. दुसऱ्याचा जन्म 1905 चा. एका मोठ्या दुकानाच्या संघात पोरसवदा नोकरांना खेळू देत नसत, म्हणून त्यांनी आपला 'स्वतंत्र' संघ काढला. 1999 साली रासिंगचे दिवाळे निघाले. ही संस्था आता अस्तित्वात नाही, असे अधिकाऱ्याने जाहीर केले. त्या रविवारी सामना नव्हता. तरीही हजारो माणसे येऊन बसली आणि रिकाम्या हिरवळीकडे पाहत गात राहिली. 2001 च्या डिसेंबरात देशाची तिजोरी कोसळली, राष्ट्राध्यक्ष बदलले, आणि त्याच धामधुमीत, 27 तारखेला, 35 वर्षांनी रासिंगने अजिंक्यपद मिळविले.

सहा महिन्यांनी, 26 जून 2002 रोजी, बेकार कामगार त्याच नदीवरच्या पुएर्रेदोन पुलाकडे निघाले. पोलिसांनी गोळीबार केला. माक्सिमिलियानो कोस्तेकी, वय 22, जखमी होऊन रेल्वे स्थानकात पडला होता. 21 वर्षांचा दारियो सान्तियान पळून जाऊ शकत होता. तो त्याच्याजवळ बसून राहिला आणि हात वर करून थांबा म्हणत होता. त्यालाही मारले. आंदोलकांनीच एकमेकांना मारले, अशी बातमी पहिल्या दिवशी पसरविण्यात आली. पण स्थानकात छायाचित्रकार होते, आणि ओळीने घेतलेल्या छायाचित्रांत पोलीस दिसत होते. 2006 साली दोघा पोलिसांना जन्मठेप झाली. त्या स्थानकाला आज त्या दोघांची नावे आहेत, आणि दर 26 जूनला लोक तेथे जमतात आणि पुलावर जातात.