फिल्मवर न दिसणारी अक्कल



लहानपणी एक मास्तर आम्हाला विचारायचे, ‘डोक्यात मेंदू आहे की भुसा?’ मागे भाचा सायकलवरून पडला, डोक्याला मार लागला. नायगावहून नांदेडला नेऊन एमआरआय काढला. रिपोर्ट ठीक आला. बहिणीने फिल्म उजेडाकडे धरली आणि विचारलं, ‘भाईजान, इसमें अक्कल कित्ती है, दिखता क्या?’ पोरगा गणितात नुकताच नापास झाला होता.

हा प्रश्न मोठमोठ्या विद्वानांनाही पडला आहे. १९२०च्या दशकाअखेरीस आपल्या इरावती कर्वे बर्लिनमध्ये संशोधन करत होत्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांची समजूत अशी, की गोऱ्यांच्या कवटीच्या दोन बाजू असमान असतात आणि त्यातच त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीची खूण आहे. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. या असमानतेचा वंशाशी काही संबंध नाही, असा निष्कर्ष त्यांनी त्याच गुरूपुढे ठेवला.

आता यंत्राला जिवंत मेंदू दिसतो. मेंदूचा आकार आणि बुद्धिचाचणीतले गुण यांचं नातं आहे, पण फिकट. २०१५ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा गुणांमधल्या फरकाचा जेमतेम सहा टक्के हिस्सा आकाराशी जुळला. २०२२ साली ‘नेचर’मध्ये सुमारे ५० हजार माणसांच्या मेंदूचित्रांचा अभ्यास आला. त्याने दाखवलं, की अशी नाती इतकी बारीक असतात की ती खात्रीने सापडायला हजारो माणसं लागतात. पंचवीस-तीस जणांवरचे निष्कर्ष टिकत नाहीत.

मंडळाच्या पर्जन्यमापकावर पाऊस नोंदतात. त्या आकड्यावरून माझ्या बांधाच्या आत किती ओल उतरली, हे कळत नाही. हजारोंच्या हिशेबाचं आणि एका पोराचं तसंच आहे.

शिवाय शिकण्याने मेंदूही बदलतो. लंडनचे रस्ते पाठ करून टॅक्सीचा परवाना मिळवणाऱ्यांच्या मेंदूतला स्मरणाशी निगडित भाग वाढलेला, २०११ सालच्या अभ्यासात दिसला.

बहिणीला म्हणालो, ‘यात मार दिसतो, अक्कल नाही.’ भाचा गणितात कच्चा आहे, हे खरं. पण ते वहीत दिसतं, आणि वही सुधारता येते. रोज संध्याकाळी आम्ही पाढे म्हणायला बसतो. सध्या सतराच्या पाढ्यावर अडलो आहोत. खरं सांगतो, तिथं मीही अडतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)