पाण्यात टिकेल तो बंध



शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत प्रयोगशाळेचं काम करणारे आपण इथे जमलो आहोत. कुरकुंभच्या औषध कारखान्यांत गुणवत्ता तपासणारे, रांजणगावच्या वसाहतीत पत्र्यावरचा रंग किती दिवस धरून राहील याचा हिशोब ठेवणारे, पॅथॉलॉजी प्रयोगशाळांत ऊतींचे काप काचेवर घेणारे आणि महाविद्यालयांत रसायनशास्त्र शिकवणारे असे आपण सगळे आहोत. या कामांना जोडणारा एक पदार्थ आहे. आज मी त्याच्याबद्दल, आणि त्यातही त्याच्या एकाच गुणाबद्दल बोलणार आहे. तो पदार्थ म्हणजे सायलेन, आणि तो गुण म्हणजे पाण्याशी असलेलं त्याचं नातं. सायलेनने पृष्ठभाग बदलला की नाही, हे ज्या दिवशी बदलला त्या दिवशी ठरत नाही, तो पाण्यात राहिल्यानंतरच ठरतं, असं माझं म्हणणं आहे. ही तपासणी करायला आपल्या प्रयोगशाळा अपुऱ्या नाहीत, हेही मला सांगायचं आहे.

सायलेनच्या रेणूची रचना आपल्याला परिचित आहे. मध्ये सिलिकॉनचा अणू, एका बाजूला मेथॉक्सी किंवा इथॉक्सीसारखे तीन गट, दुसऱ्या बाजूला बहुधा तीन कार्बनची साखळी आणि तिच्या टोकाला अमाइन, इपॉक्सी, थायॉल किंवा मेथाक्रिलेट. थोडं पाणी मिळालं की तीन गट अल्कोहोल होऊन निघून जातात आणि सायलेनॉल तयार होतात. ते काचेवरच्या हायड्रॉक्सिल गटांना आधी हायड्रोजन बंधाने लागतात. मग साधारण ११० अंश सेल्सिअसला तापवलं की पाणी बाहेर पडून सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन असा सहसंयुज बंध होतो. पुस्तकातल्या चित्रात प्रत्येक रेणू तीन पायांवर ताठ उभा असतो. प्रत्यक्षात तिन्ही पाय पृष्ठभागाला क्वचितच लागतात. एखादा लागतो, उरलेले शेजारच्या रेणूंना लागतात, काही मोकळे राहतात, आणि पाणी जास्त झालं तर रेणूंचे थरावर थर चढतात. वरच्या थरांतले कित्येक रेणू नुसते अडकलेले असतात. अमाइन असलेल्या सायलेनमध्ये, म्हणजे आपण सगळे वापरतो त्या एपीटीईएसमध्ये, आणखी एक अडचण आहे. त्याचं अमाइन टोक मागे वळून सिलिकॉनपाशी येतं, पाच अणूंचं कडं करतं आणि पाण्याला बंध तोडायला मदत करतं. बंध लवकर जुळवणारा गटच तो लवकर सोडवतो. म्हणून कोमट पाण्यात एपीटीईएसचा थर काही तासांतही बराच उतरू शकतो.

या रसायनाचा इतिहासही पाण्यापासूनच सुरू होतो. काचेचे तंतू पॉलिएस्टरमध्ये घातलेले पदार्थ कोरडे असताना मजबूत असत आणि ओलाव्यात ताकद गमावत. १९४७ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात राल्फ विट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नौदलासाठीच्या अहवालात नोंदवलं, की अलाइल ट्रायइथॉक्सी सायलेन लावलेल्या काचतंतूंचा पदार्थ इथाइल ट्रायक्लोरो सायलेन लावलेल्यापेक्षा दुपटीने मजबूत होतो. पुढे डाऊ कॉर्निंगचे एडविन प्लूडमन यांनी या विषयाचा आधारग्रंथ लिहिला. त्यांनी मांडलेली कल्पना मला अजूनही सर्वांत मोलाची वाटते. पाण्याच्या सान्निध्यात हे बंध तुटत असतात आणि पुन्हा जुळत असतात, आणि आजूबाजूची रचना रेणूला जागेवर धरून ठेवते तोवर जुळणं तुटण्याला पुरून उरतं. म्हणजे एकट्या बंधाच्या ताकदीपेक्षा त्याचा शेजार कसा आहे याला महत्त्व जास्त.

याचा पुरावा आपल्याच टेबलावर आहे. औषधाची शुद्धता एचपीएलसीवर तपासणाऱ्या प्रयोगशाळेत सी-१८ कॉलम असतो. सच्छिद्र सिलिकाच्या कणांवर अठरा कार्बनची साखळी असलेलं सायलेन बांधलं की तो तयार होतो. त्याच्यासोबतच्या कागदावर साधारण पीएच २ ते ८ ही मर्यादा छापलेली असते, आणि आपण ती कॉलमची नाजूक तब्येत समजून पाळतो. खरं तर ते सायलेनच्या बंधाचं प्रमाणपत्र आहे. २ च्या खाली आम्ल तो बंध कापतं, ८ च्या वर अल्क खालची सिलिकाच विरघळवतं. या दोन टोकांमध्ये मात्र तोच बंध शेकडो इंजेक्शनं पाण्यात उभा राहतो, कारण अठरा कार्बनच्या तेलकट साखळ्यांची दाटी पाण्याला मुळाशी पोहोचू देत नाही. साखळी आखूड केली की आयुष्य घटतं. बंधाशेजारी आयसोप्रोपिलसारखे जाडजूड गट ठेवले की आम्लातही ते वाढतं. कुरकुंभच्या विश्लेषकांना कॉलम कधी थकला, शिखरं कधी पसरू लागली, हे आठवड्यांच्या हिशोबात माहीत असतं. सायलेनचा थर पाण्यात कसा म्हातारा होतो याच्या इतक्या बारीक नोंदी बायोमटेरियलवर, म्हणजे शरीरात किंवा पेशींसोबत वापरायच्या पदार्थांवर, काम करणाऱ्या फार थोड्या संशोधन गटांकडे असतील. त्या नोंदी कॉलम बदलला की फाइलमध्ये बंद होतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पॅथॉलॉजीतली गोष्ट याच्या उलट टोकाची आहे. एपीटीईएसच्या, तिथल्या बोलीत एपीईएसच्या, ॲसिटोनमधल्या दोन टक्के द्रावणात काच काही सेकंद बुडवायची, ॲसिटोनने आणि पाण्याने धुवायची, रात्रभर वाळवायची, एवढी साधी ही कृती. इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीत ऊतीचा काप उकळत्या बफरमधून जातो तेव्हा साध्या काचेवरून तो तरंगून निघतो आणि अशा काचेवर टिकतो. इथे थर जाड आहे की पातळ, एकसारखा आहे की नाही, याने फारसं बिघडत नाही, कारण काम काही तासांचं आहे. दातांच्या भरणात मात्र काम वर्षांचं असतं. राफेल बोवेन यांनी १९६२ मध्ये पेटंट घेतलेल्या दंत-पदार्थात सायलेन लावलेली सिलिका रेझिनमध्ये मिसळलेली होती. आजही दाताच्या रंगाचं भरण त्याच तत्त्वावर चालतं, आणि लाळेच्या ओलाव्यात रेझिन आणि कण यांच्या सीमेवरचा सायलेन हळूहळू सुटणं हे त्या भरणाच्या झिजण्याचं एक मान्य कारण आहे. एकाच कुळातलं रसायन एका ठिकाणी तासांसाठी, दुसऱ्या ठिकाणी महिन्यांसाठी आणि तिसऱ्या ठिकाणी वर्षांसाठी वापरलं जातं. तेव्हा काच सायलेनाइज केली एवढंच वाक्य अपुरं आहे. किती काळासाठी आणि कोणत्या पाण्यात, हे सांगितल्यावरच ते पुरं होतं.

यावर पहिला आक्षेप असा येतो, की पेशी वाढवायच्या पृष्ठभागावर आपण सायलेनवर ग्लुटराल्डिहाइड आणि त्यावर प्रथिन बांधतो, त्यामुळे सगळं जाळं एकमेकांत गुंतून बसतं, एखादा पाय सुटल्याने काय होणार? यात तथ्य आहे. अनेक पायांवरचं जाळं एकट्या रेणूपेक्षा जास्त टिकतं. पण जाळं उठतं तेव्हा चादरीसारखं एकदम उठतं, आणि ३७ अंशांच्या माध्यमात दोन आठवडे ठेवलेल्या पेशी मेल्या तर त्या खालच्या पदार्थामुळे मेल्या की सुटून आलेल्या सायलेनमुळे, हे सांगता येत नाही. निष्कर्षच डळमळीत होतो. दुसरे म्हणतात, शरीरात घालायचा पदार्थ कधीकधी विरघळावा अशीच अपेक्षा असते. हेही खरं आहे. लॅरी हेंच यांनी १९६९ मध्ये शोधलेली जैवसक्रिय काच हाडाला जुळते ती मुळी पृष्ठभागावरून विरघळते म्हणून. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि त्यामुळे माझं म्हणणं अधिक नेमकं होतं. बंध कायमचा असावा असा माझा आग्रह नाही. तो किती काळाने सुटतो हे माहीत असावं, एवढंच मागणं आहे.

तिसरा आक्षेप साधनांचा, आणि तो सर्वांत प्रामाणिक आहे. पृष्ठभागातले अणू मोजणारी क्ष-किरण यंत्रं तालुक्याच्या महाविद्यालयात नसतात. पण कोणता प्रश्न कशावर तपासायचा हे नीट निवडलं तर त्यांच्यावाचून अडत नाही. सपाट काचेवरचा अमाइनचा थर एक नॅनोमीटरपेक्षाही पातळ असू शकतो. निनहायड्रिनचा जांभळा रंग त्यावर जवळजवळ दिसतच नाही आणि विद्यार्थी निराश होतो. तोच प्रयोग क्रोमॅटोग्राफीच्या सिलिका जेलवर करा. एका ग्रॅमचं क्षेत्रफळ काही शे चौरस मीटर भरतं, तेव्हा रंग डोळ्यांनी दिसतो आणि साध्या कलरीमीटरवर मोजता येतो. जेल ३७ अंशांच्या पाण्यात एक दिवस, एक आठवडा, चार आठवडे ठेवायचं आणि प्रत्येक वेळी जेल आणि वरचं पाणी दोन्ही तपासायचं. पाण्यात आलेलं अमाइन म्हणजे सुटलेला सायलेन. सपाट काचेसाठी पाण्याच्या थेंबाचा स्पर्शकोन पुरे, मोबाइलच्या कॅमेऱ्याने आडवा फोटो काढून तो मोजता येतो. कोनाने रसायन ओळखता येत नाही, पण थर बदलला हे कळतं. पहिल्या फेरीला तेवढं बस आहे.

आपल्या भागात एक गोष्ट मात्र यंत्रांपेक्षाही महत्त्वाची आहे आणि ती म्हणजे हवा. हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेतले आहेत. एप्रिल-मेच्या दुपारी इथली हवा कोरडी ठाक असते, पावसाळ्यात काचेवर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा थर सदैव असतो. टोल्युइनमध्ये केलेल्या सायलेनच्या प्रक्रियेत हेच अतिसूक्ष्म पाणी सगळं ठरवतं. फार कमी असलं तर गट निघत नाहीत आणि थर विरळ राहतो, जास्त झालं तर द्रावणातच गुठळ्या होऊन काचेवर बसतात. एकाच विद्यार्थ्याने एकाच कृतीने मे आणि ऑगस्टमध्ये केलेले नमुने वेगळे निघाले तर हात चुकला असं समजू नका, आर्द्रतेची नोंद पाहा. शेवटची धुलाई बोअरच्या कठीण पाण्याने करू नका, त्यातलं कॅल्शियम मोकळ्या सायलेनॉलला चिकटतं. कुरकुंभच्या परिसरात विहिरींच्या पाण्याबद्दल लोकांची जी काळजी आहे ती मनात ठेवूनच रसायनं निवडली पाहिजेत. क्लोरो सायलेनमधून हायड्रोजन क्लोराइड सुटतो, मेथॉक्सीतून मेथॅनॉल, इथॉक्सीतून इथेनॉल. इथॉक्सी सावकाश चालतं, पण शिकणाऱ्यांच्या हाताला तेच योग्य आहे. उरलेलं द्रावण मोरीत नव्हे, वेगळ्या कॅनमध्ये जावं.

आणखी एक कच्चा माल आपल्या दारात आहे. पाटस, न्हावरे, आलेगाव इथे साखर कारखाने उभे राहिले, आणि बगॅस जाळलं की राखेत सिलिका उरते. ती अल्कात विरघळवून आम्लाने पुन्हा बसवली की अस्फटिकी सिलिका मिळते आणि सायलेनच्या प्रयोगांना ती स्वस्त पडते. राख थेट वापरू नका. उसाबरोबर आलेली शेतातली वाळू तिच्यात असते, आणि भट्टीची आच जास्त असेल तर सिलिका स्फटिकी होते. तशा सिलिकेवर सायलेनॉल कमी असतात आणि तिची धूळ फुप्फुसाला घातक असते.

म्हणून या परिषदेपुढे एक काम ठेवतो. कुरकुंभच्या प्रयोगशाळांनी निवृत्त कॉलमच्या नोंदी महाविद्यालयांना द्याव्यात, अर्थात उत्पादनाचं नाव झाकून. महाविद्यालयांनी सिलिका जेलवर एपीटीईएस बांधून तीन मुदतींची पाण्यातली तपासणी एप्रिलमध्ये आणि पुन्हा ऑगस्टमध्ये करावी, आणि सुटलेल्या नमुन्यांची नोंद टिकलेल्यांइतक्याच काळजीने ठेवावी. सायलेन दोन्ही वेळी एकाच घाऊक लॉटमधलं असलं पाहिजे. पण एकदा उघडलेली बाटली चार महिन्यांत हवेतली ओल घेते आणि आतल्या आत जुळू लागते. त्यामुळे ऑगस्टचा वाटा आत्ताच, कोरड्या दिवसांत, छोट्या बाटल्यांत भरून झाकणं पक्की बंद करून ठेवावा लागेल.