घरी घडविलेला विटीदांडू

विटीदांडू बाजारात मिळतो. परंतु तो घरी घडवावा असे माझे मत आहे, व तसे सांगण्यास एक निमित्तही आहे. सन १९२० नंतरच्या दशकात उभ्या राहिलेल्या आमच्या नायगावच्या बी. डी. डी. चाळींच्या जागी आता उंच इमारती उठत आहेत. जुने घर सोडताना दाराच्या चौकटीचा एखादा तुकडा नातवासाठी ठेवावा, असे कोणासही वाटेल. मात्र ते लाकूड सागाचे असेल तर त्याचा पाट करा, दांडू करू नका. साग वाळवीस दाद देत नाही, पण आघात सोसण्यात कच्चा, टोल्यासरशी चिरतो. येथे बाभूळच हवी. बैलगाडीचे आरे व कुऱ्हाडीचे दांडे बाभळीचे करीत, ते याच गुणासाठी.

लाकूड सुके, बिनगाठीचे व सरळ रेषांचे निवडावे. विटीचा तुकडा आधीच कापू नये. आखूड तुकडा हातात ठरत नाही आणि रंधा बोटावर येतो. हातभर लांबीची, २४ मिलिमीटर चौरस काठी घ्यावी. प्रत्येक अंगावर दोन्ही कडांपासून ७ मिलिमीटरवर रेघ ओढावी; मध्ये १० उरतात. पाटावर दोन पट्ट्या तिरप्या ठोकून केलेल्या खाचेत काठी ठेवून रेघांपर्यंत कोपरे रंध्याने काढले, की आठही बाजू समान होतात. मग त्या आठ कडा किंचित मोडाव्यात, आणि शेवटी कानस व पॉलिश पेपर. केवळ नजरेने गोलाई काढू जाल, तर लाकूड एका अंगास अधिक जाते.

आता १२ सेंटीमीटरचा तुकडा कापून दोन्ही टोकांकडून ३-३ सेंटीमीटर निमुळते करावे. या निमुळतेपणामुळेच टोक जमिनीपासून वर राहते. त्यावर आघात होताच विटी पोटाच्या कडेवर कलून उसळते. दोन उतार असमान झाले तर ती वाकडी उडते. काचेवर लोळवून पाहावी. डुगडुगली तर कानस पुन्हा हाती घ्यावी.

परंतु टोक अणकुचीदार करू नका, ही माझी आग्रहाची विनंती आहे. विटीच्या माराने मुलांचे डोळे गेल्याच्या नोंदी आपल्या देशातील नेत्रवैद्यांनी प्रसिद्ध केल्या आहेत. टोक निदान १० मिलिमीटर जाड व गोलसर ठेवावे. तेवढ्याने भोसकण्याचे भय कमी होते, आघाताचे नाही. म्हणून झेलणारी मुले दूर उभी करावीत, व खेळ चाळीच्या बोळात नव्हे, मोकळ्या मैदानातच व्हावा.

दांडूस एवढे सोपस्कार लागत नाहीत. दोन फुटांच्या आत लांबी, मुठीत सहज मावेल अशी जाडी, आणि मुठीकडे थोडी बारीक. (अंतर मोजताना आपण वकट, लेंड, मूंड, नाल म्हणतो, ते तेलुगूतील ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु यांच्याशी किती जुळते पाहा!) दोन्ही जिन्नसांस जवसाचे तेल पातळ चोळून, दोन-तीन दिवस सावलीत वाळू द्यावे. तेलाच्या चिंध्या मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत, त्या आपोआप पेटतात. पाण्यात भिजवून मगच टाकाव्यात.