माक्स रेगर : विद्यापीठाचे संगीतसंचालक
(महोत्सवप्रसंगीं गायकवृंदापुढें केलेलें भाषण)



महोत्सवाच्या दिवशीं वेदीची व घंटेची थोरवी सर्वजण गातात. ऑर्गन वाजविणाऱ्याची मात्र पाठच तेवढी लोकांना दिसते. म्हणून आज अशाच एका वादकाचें चरित्र आपणांपुढें ठेवावें असें मीं योजिलें आहे.

माक्स रेगर यांचा जन्म १९ मार्च १८७३ रोजीं बव्हेरियांतील ब्रांड या खेड्यांत एका कॅथलिक शिक्षकाच्या घरीं झाला. पुढच्याच वर्षीं हें कुटुंब जवळच्या वायडेन गांवीं गेलें. तेथील मुख्य देऊळ कॅथलिक व प्रॉटेस्टंट या दोन्ही मंडळ्यांचें सामाईक होतें. आपापल्या वेळीं दोघेही तेथेंच उपासना करीत. आडालबेर्ट लिंडनर यांच्यापाशीं शिकणारा हा मुलगा त्याच देवळांत ऑर्गन वाजवूं लागला. अशा रीतीनें मिस्साचें लॅटिन गायन आणि ल्यूथरपंथीयांचीं स्तोत्रें हीं दोन्ही बालपणींच त्याच्या कानांत बसलीं.

पुढें हूगो रीमान यांच्याकडे शिक्षण झालें. नंतर लष्करी चाकरी, कर्ज आणि मद्य यांनीं प्रकृति खचली. १८९८ सालीं रेगर आईबापांकडे परत आले. परंतु त्याच पडत्या काळांत त्यांनीं ऑर्गनसाठीं भव्य रचना लिहिल्या, आणि त्यांतील कित्येकींचा पाया प्रॉटेस्टंट स्तोत्रांच्या चालींवर घातला. त्या दुर्घट रचना लोकांपुढें वाजविणारे त्यांचे मित्र कार्ल श्ट्राउबे हेही प्रॉटेस्टंटच होते.

१९०२ सालीं रेगर यांनीं एल्झा फोन बेर्केन या घटस्फोटित प्रॉटेस्टंट स्त्रीशीं विवाह केला, आणि ख्रिस्तसभेनें त्यांना बहिष्कृत केलें. ही गोष्ट झांकून त्यांचें चरित्र सांगणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

१९०७ सालीं लाइप्झिक विद्यापीठानें त्यांना संगीतसंचालक नेमिलें. त्याच वेळीं तेथील संगीतविद्यालयांत ते अध्यापकही झाले. विद्यापीठाचें पद त्यांनीं अवघ्या एका वर्षांत सोडलें. अध्यापन मात्र चालूच ठेविलें. १९०८ सालीं येना विद्यापीठाच्या ३५० व्या वर्धापनोत्सवांत त्यांच्या शंभराव्या स्तोत्राचा पहिला भाग गाइला गेला व त्यांना सन्माननीय डॉक्टर ही पदवी मिळाली. १९११ पासून ते मायनिंगेन येथील दरबारी वाद्यवृंदाचे संचालक होते. गांवोगांव मैफली, कधीं वाद्यवृंदापुढें उभे, कधीं पियानोवर बाखच्या रचना. या अविश्रांत श्रमांनीं १९१४ सालीं शरीर थकलें व तेंही पद त्यांनीं सोडलें.

त्याच वर्षीं, महायुद्धांत पडलेल्यांसाठीं, त्यांनीं मृतांच्या मिस्साच्या लॅटिन शब्दांवर रचना आरंभिली. ती अपुरीच राहिली. परंतु बहिष्कृत झालेला हा पुत्र शोकाच्या काळीं आपल्या मातेच्याच शब्दांकडे वळला, हें विसरतां येत नाहीं. ११ मे १९१६ रोजीं लाइप्झिकच्या एका हॉटेलांत हृदयविकारानें त्यांना मृत्यु आला. वय ४३ वर्षांचें. उशाशीं आठ धर्मगीतांचीं मुद्रितें तपासण्यासाठीं ठेविलेलीं होतीं.

बंधुभगिनींनो, विद्यापीठाची अधिकारपदवी एका वर्षाची ठरली. ऑर्गनवरील ते श्रम मात्र आजही दोन्ही मंडळ्यांच्या देवळांत वाजत आहेत. त्यांचा आरंभ कोठें झाला? एका शिक्षकानें एका मुलाला ऑर्गनच्या बांकावर बसूं दिलें, तेथें. आपल्याही देवळांतील ऑर्गन वा पेटी कुलुपांत राहूं नये. एखाद्या उत्सुक मुलाच्या हातीं ती पडावी, एवढीच माझी या महोत्सवाच्या दिवशीं विनंति आहे.