देणे वेळेवर, देणे नेमके
(व्यापारी बंधूंच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



व्यापाऱ्यांची चर्चा बहुधा येण्याभोवती फिरते. उधारी किती थकली, वसुली कशी करावी, हे प्रश्न रोजचेच. देण्याचा विषय मात्र ‘बिल आले, पैसे दिले’ एवढ्यात संपतो. वस्तुतः जादा गेलेला रुपया परत आणणे हे उधारीच्या वसुलीहूनही कठीण आहे. थकलेली उधारी खतावणीत दिसते आणि डोळ्यांत खुपते. दोनदा चुकते केलेले बिल मात्र दोनदा खरेदी म्हणून नोंदले जाते, आणि वही निर्धास्तपणे ‘बाकी शून्य’ असे सांगते.

नाशिकच्या बोहोरपट्टीतील वा मेन रोडवरील कापड दुकान घ्यावे. माल मालेगावच्या यंत्रमागांवरून, येवल्याच्या हातमागांवरून, तसेच भिवंडी, इचलकरंजी, सुरत व अहमदाबादहून येतो. सौदा दलालामार्फत होतो, गासडी ट्रान्सपोर्टने येते, आणि बिल कधी गासडीबरोबर, कधी टपालाने, तर कधी भ्रमणध्वनीवर छायाचित्ररूपाने येते. एकच बिल दोन वाटांनी आले आणि एकदा ‘457’ व दुसऱ्यांदा ‘0457’ असे लिहिले गेले, की संगणकही त्यांना दोन निरनिराळी बिले समजू शकतो. चूक लबाडीची नसते, घाईची असते.

उदाहरणादाखल एक हिशेब पाहू या. 20 मीटरचे 50 ताके मागविले. दर मीटरला 100 रुपये. माल 1,00,000 रुपयांचा, शेकडा 5 प्रमाणे वस्तू व सेवा कर 5,000, बिल 1,05,000 रुपयांचे. गासडी उघडली तेव्हा ताके 48 निघाले. दोन ताक्यांची किंमत करासह 4,200 रुपये. सौद्याच्या वेळी 25,000 रुपये आगाऊ दिलेले होते. खरे देणे 75,800 रुपयांचे. परंतु आगाऊ रकमेची नोंद वेगळ्या खात्यात राहिली, तुटीची चिठ्ठी गोदामातच पडून राहिली, आणि दिवाणजींनी बिलावरील आकड्याचा धनादेश लिहिला, तर 29,200 रुपये जादा गेले. निव्वळ नफा शेकडा 5 धरला, तर ही रक्कम भरून काढण्यासाठी 5,84,000 रुपयांची विक्री करावी लागेल. लहान दुकानाच्या कित्येक दिवसांच्या श्रमावर एका धनादेशाने पाणी पडते.

यावरील उपाय जुन्याच पेढ्यांच्या शिस्तीत आहेत. सौद्याची चिठ्ठी, माल उतरवून मोजल्याची नोंद आणि बिल, हे तीन कागद एकत्र आल्याखेरीज पैसे देऊ नयेत. दर, मीटर, पन्ना आणि ठरलेला वटाव या तिन्हींवरून ताडून पाहावा. तूट वा परत गेलेल्या मालाची डेबिट नोट त्याच दिवशी काढावी. बिल नोंदणारा आणि धनादेशावर सही करणारा या दोन व्यक्ती असाव्यात. घरचेच दोघे असले तरी चालेल. पैसे देताच बिलावर ‘चुकते’ असा शिक्का, तारीख आणि धनादेश क्रमांक घालावा. दर महिन्यास पुरवठादाराकडून खातेउतारा मागवून आपल्या खात्याशी जुळवावा. 2020 पासून मिळणारे जीएसटीआर-2बी हे विवरणही येथे उपयोगी पडते. पुरवठादाराने एकच बिल भरलेले असता वहीत दोन दिसली, तर चूक तेथेच उघडी पडते.

एक सावधगिरी नव्या काळाची आहे. ‘आमचे बँक खाते बदलले आहे’ असा निरोप आला, तर आधीपासून माहीत असलेल्या क्रमांकावर दूरध्वनी करून खात्री केल्यावाचून पैसे पाठवू नयेत. 2013 ते 2015 या काळात लिथुआनियातील एका इसमाने तैवानच्या एका पुरवठादार कंपनीचे नाव धारण करून गूगल व फेसबुक यांना खोटी बिले पाठविली आणि 10 कोटी डॉलरहून अधिक रक्कम उकळली. डिसेंबर 2019 मध्ये त्याला न्यूयॉर्क येथे 5 वर्षांची शिक्षा झाली. एवढ्या मोठ्या कंपन्या जेथे फसल्या, तेथे पेठेतील दुकानदाराने गाफील राहून कसे चालेल?

तथापि तपासणी हे देणे लांबविण्याचे निमित्त होऊ नये. सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसल्यास 15 दिवसांत द्यावेत, असे 2006 चा कायदा सांगतो. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. मालेगावच्या मागवाल्याला आठवड्याची मजुरी द्यायची असते. त्याचे पैसे अडकले की त्याच्या कामगाराची चूल अडते. म्हणून बिल ज्या दिवशी येईल त्याच दिवशी तपासावे, आणि मुदतीच्या आत चुकते करावे.

आता राहिला अंतःकरणाचा प्रश्न. चुकून मिळालेले पैसे परत करणे 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 72 नुसार बंधनकारक आहे. परंतु कायद्याच्या कितीतरी आधी तत्त्वार्थसूत्राने सत्याणुव्रताच्या अतिचारांमध्ये ‘न्यासापहार’ सांगितला. ठेव ठेवणारा आकडा विसरून कमी मागू लागला असता ‘हो, तेवढीच’ म्हणून संमती देणे, हा तो दोष, असे आचार्य पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धीत स्पष्ट केले आहे. हा दोष दोन्ही बाजूंना लागू पडतो. जादा रक्कम जमा झालेला पुरवठादार गप्प बसला, तर तो दोषी. आणि 50 ताके पाठवून पुरवठादाराने चुकून 45 चेच बिल केले व दुकानदार गप्प बसला, तर तोही तितकाच दोषी. स्वतःच्या नुकसानीची चूक शोधणारी दृष्टी दुसऱ्याच्या नुकसानीच्या चुकीवरही तेवढीच स्थिर राहिली पाहिजे. तरच ते हिशेब शुद्ध म्हणावेत.

हाच नियम संस्थांनाही आहे. भोजनशाळेचे धान्य असो, मंडपाचे भाडे असो वा बांधकामाचे बिल असो, तेथील रुपया अनेक दात्यांनी विश्वासाने ठेवलेला असतो. दुकानदार आपली चूक स्वतःच्या खिशातून सोसतो. विश्वस्ताची चूक दात्यांच्या दानातून सोसली जाते. म्हणून विश्वस्ताने दुकानदाराहूनही अधिक जागरूक राहावे.

दिवाळीला वहीपूजन होते, कोऱ्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक उमटते. त्याआधी एक दिवस प्रत्येक पुरवठादाराच्या खात्यासाठी राखून ठेवावा. ज्याचे कमी गेले त्याला ते द्यावे, ज्याच्याकडे जादा गेले त्याच्याकडून ते नम्रपणे मागावे, आणि मगच नवी वही उघडावी.

जय जिनेंद्र.