लंडनला फोन लावताना

इंदूरच्या सियागंज बाजारात सौद्याची बोलणी हिंदीत सहज होतात. पण जवळच्या पीथमपूरच्या औषध कारखान्यातून लंडनच्या ग्राहकाला फोन करायचा, तर इंग्रजी हवीच. आधी घड्याळ पाहा. लंडन उन्हाळ्यात आपल्या साडेचार तास मागे असतं, हिवाळ्यात साडेपाच; सकाळी 11 ला केलेला फोन तिथे झोपमोड करेल.

पलीकडून आवाज आला की आधी स्वतःचं आणि कंपनीचं नाव सांगा. ‘आय वॉन्ट’ नको, ‘आय वुड लाइक’ म्हणा. भेटीसाठी दोन दिवस सुचवा: ‘वुड ट्यूसडे ऑर थर्सडे सूट यू?’ आणि सगळ्यांत महत्त्वाचं, फोन ठेवण्यापूर्वी वार, तारीख, वेळ पुन्हा बोलून घ्या. वेळ भारतातली की लंडनमधली, तेही स्पष्ट सांगा.