शहरी एल्मचा मर रोग : ओळख आणि प्रतिबंध

नागरी वृक्षसंवर्धनाचा विचार करण्यासाठी भरलेल्या या परिषदेपुढे अध्यक्षीय भाषणाचा विषय म्हणून एल्मचा मर रोग निवडला आहे, कारण एका झाडाचे दुखणे अख्ख्या रस्त्याचे आणि पाहता पाहता अख्ख्या शहराचे कसे होते, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारे वृक्षरोग थोडेच आहेत. नेदरलँड्समध्ये योहाना वेस्टरडाइक यांच्या प्रयोगशाळेत बेआ श्वार्ट्झ यांनी १९२० च्या दशकाच्या आरंभी रोगाची कारक बुरशी ओळखली आणि पुढे क्रिस्टीन बाउसमन यांनी त्या निष्कर्षाला भक्कम पुरावा दिला. त्या संशोधनामुळेच 'डच एल्म रोग' हे नाव रूढ झाले.

ऑफिओस्टोमा कुलातील ही बुरशी सालीखाली राहणाऱ्या लहान भुंगेऱ्यांच्या अंगावरून प्रवास करते. मेलेल्या किंवा मरणपंथाला लागलेल्या एल्मच्या सालीखाली मादी बोगदा कोरून अंडी घालते, त्याच बोगद्यांत बुरशीचे चिकट बीजाणू तयार होतात, आणि बाहेर पडलेले नवे भुंगेरे निरोगी झाडाच्या कोवळ्या फांद्यांच्या बेचक्यांत साल कुरतडतात तेव्हा ते बीजाणू जलवाहिन्यांमध्ये, म्हणजे मुळांपासून पानांपर्यंत पाणी नेणाऱ्या सूक्ष्म नलिकांमध्ये, शिरतात. बुरशीला अडवण्यासाठी झाड आपल्याच नलिका डिंकाने व पेशींच्या फुगवट्यांनी बंद करते. पण तोवर बुरशी बहुधा पुढे सरकलेली असते आणि पाण्याचा मार्ग मात्र तुटतो.

म्हणून पहिली खूण शेंड्याकडे दिसते. ऐन उन्हाळ्याच्या आरंभी, बाकीचे झाड हिरवेगार असताना, एखाद्याच फांदीची पाने मलूल होतात, पिवळी पडतात, मग तपकिरी होऊन आक्रसतात आणि बरेचदा फांदीलाच लटकून राहतात. कोवळ्या डहाळ्यांची टोके खाली वळून आकड्यासारखी होतात. अशा फांदीची साल सोलल्यावर रसकाष्ठावर, म्हणजे सालीलगतच्या जिवंत लाकडावर, तपकिरी रेषा दिसतात, आणि आडव्या कापात त्याच रेषा ठिपक्यांचे कडे होऊन उमटतात. तरीही पाण्याचा ताण किंवा दुसरी एखादी मर बुरशी यांचीही लक्षणे अशीच भासू शकतात. त्यामुळे नमुना प्रयोगशाळेत पाठवून बुरशी वाढवून पाहिल्याशिवाय निदान पक्के मानू नये.

हे निदान त्या झाडापेक्षा शेजारच्या झाडासाठी अधिक मोलाचे असते, हा या भाषणाचा मुख्य मुद्दा आहे. एका फांदीपुरता रोग वेळीच छाटून झाड वाचल्याची उदाहरणे आहेत, पण रोग खोडात उतरल्यावर बहुतेक झाडे हाती लागत नाहीत. आणि रस्त्याकडेला एका ओळीत लावलेल्या एल्मची मुळे जमिनीखाली एकमेकांत जुळत असल्याने बुरशी भुंगेऱ्याची वाट न पाहताही पुढच्या झाडात जाते. बाधित झाड तातडीने तोडणे, त्यापूर्वी चर खणून मुळांचा सांधा तोडणे, आणि सालीसह लाकूड जाळणे, पुरणे किंवा त्याचा बारीक चुरा करणे ही कामे यासाठीच असतात. बुरशीनाशकाची टोचणी मोलाच्या निवडक झाडांना काही हंगाम संरक्षण देते. ती महाग असते, पुन्हापुन्हा द्यावी लागते, आणि या स्वच्छतेची जागा घेऊ शकत नाही.

छाटणीचा ताजा घाव भुंगेऱ्यांना ओढून घेतो, म्हणून कॅनडातील अल्बर्टा प्रांतात १ एप्रिल ते ३० सप्टेंबर या काळात एल्मच्या छाटणीला मनाई आहे. त्याहून दुर्लक्षित धोका सरपणाचा आहे. अंगणात रचलेली सालीसकट एल्मची लाकडे हे भुंगेऱ्यांचे पैदासकेंद्र असते, आणि लाकडाच्या वाहतुकीनेच हा रोग महासागर ओलांडून गेला : युरोपातून आलेल्या ओंडक्यांनी तो १९३० च्या सुमारास अमेरिकेतील ओहायोत पोहोचवला, आणि उत्तर अमेरिकेतून आलेल्या ओंडक्यांनी ऑफिओस्टोमा नोव्हो-उल्मी ही अधिक घातक जाती १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये आणली. तेथे अडीच कोटींहून अधिक एल्म मेले. मुळांच्या फुटव्यांपासून वाढवलेला इंग्लिश एल्म जनुकीयदृष्ट्या जवळजवळ एकसारखा असल्याने एका झाडाचे दौर्बल्य ते सर्वांचेच होते. त्याच देशात ब्रायटन शहराने मात्र डोंगर आणि समुद्र यांच्या आडोशाला सातत्याच्या पाहणीची व तत्पर तोडीची जोड देऊन हजारो एल्म आजवर टिकवले आहेत, ही बाब निराशेला उत्तर म्हणून आवर्जून सांगण्यासारखी आहे.

भारताशीही या विषयाचा संबंध आहे. हिमालयातील एल्मवर याच कुलातील ऑफिओस्टोमा हिमल-उल्मी ही बुरशी आढळते, पण तेथील वृक्ष तिच्यासह नांदतात आणि साथ उद्भवत नाही. महाराष्ट्रातील परिचित वावळ एल्मच्याच कुटुंबातला असला तरी त्याचे कूळ वेगळे. आशियाई एल्मचा हा सोशिकपणा संकरातून नव्या वाणांत आणण्याचे प्रयत्न झाले, तर 'व्हॅली फोर्ज' व 'प्रिन्स्टन' हे वाण अमेरिकन एल्ममधूनच निवडले गेले. या वाणांची प्रतिकारशक्ती चांगली असली तरी ती अभेद्य नाही, म्हणून नव्या रस्त्यांवर त्यांचीही सलग रांग न लावता अन्य जातींच्या झाडांमध्ये अंतरा-अंतराने लागवड करावी, आणि तिच्या वार्षिक पाहणीची तरतूद रोपखरेदीच्या अंदाजपत्रकातच करून ठेवावी.